मरियामातेच्या गालांवरचा हिंगूळ

प्रिय इझाबो,

मठात आलेलं पत्र आधी तुमच्या थोरल्या बाई वाचतात, म्हणून हे चीजच्या फडक्यात लपवून पाठवतेय. वासाला नाक मुरडू नकोस, लहानपणी तूच चोरून खायचीस. इकडे थंडीने द्राक्षांचे कोंब करपले. माझ्या लेकीच्या, जिलेतच्या, दोन्ही मुली बाळसं धरतायत. माझ्या छातीत मात्र पाणी झालंय, चार पावलं चाललं की धाप लागते.

जिलेतचा पहिला मुलगा आठवतो ना? मेलेलाच जन्मला, पण मरियामातेपुढे क्षणभर जिवंत झाला, असं मी तुला कळवलं होतं. ते अर्धंच होतं गं. बाप्तिस्म्याविना गेलेलं मूल दफनभूमीच्या भिंतीपलीकडे पुरतात, जिथे मेलेली गुरं टाकतात. म्हणून आम्ही त्याला आमच्या चर्चमधल्या दगडी मरियामातेच्या पायाशी ठेवलं. भोवती मेणबत्त्या, शेकोटी, त्याच्या ओठांवर पीस. पीस हललं किंवा गालावर लाली आली, तर पाद्रीबाबा पाणी घालून बाप्तिस्मा देणार. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “संध्याकाळच्या घंटेपर्यंत थांबतो, बायांनो. पुढे माझ्या हातात काही नाही.” जिलेत रडतही नव्हती. बाळंतिणीला चर्चमध्ये यायची मनाई, म्हणून बाहेर पायरीवर बसून दाराकडे टक लावून होती.

त्या मूर्तीला रंग मीच दिलेला. बाया मुके घेऊन तिच्या कडेवरच्या बाळ येशूची बोटं पांढरी करतात, ती रंगवायला मी त्याच आठवड्यात गेले होते. रंगाच्या वाट्या तिथेच खांबामागे होत्या. गालांची लाली आम्ही कुंचल्याने काढत नाही. जवसाच्या तेलात कालवलेल्या हिंगुळात बोट बुडवून पुसतो आणि उरलेला रंग अंगठ्याने दगडात जिरवतो. त्या दिवशी सगळ्या डोळे मिटून प्रार्थना म्हणत होत्या. मी खाली वाकले आणि नातवाच्या गालांवर अंगठा फिरवला. दगडाहून थंड होते गं ते.

सुईण रिशोद म्हातारी सगळ्यांत आधी वाकली. तिला जवसाच्या तेलाचा वास आला असणारच. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि केवढ्याने ओरडली, “अगं, लाली आली! बाबा, पळा, पाणी आणा!” बाबांनी पाणी घातलं आणि पोर भिंतीच्या आत पुरलं गेलं. नंतर बायबलवर हात ठेवून शपथही घेतली तिने. जन्मभर मला टोमणे मारणारी बाई! गेल्या हिवाळ्यात ती गेली, त्याबद्दल एक शब्दही न बोलता.

उद्या पाद्रीबाबा माझी शेवटची पापकबुली ऐकायला येतायत. हे सांगितलं तर ते म्हणतील, आधी चारचौघांत कबूल कर, मगच क्षमा. मग पोराला उकरून भिंतीपलीकडे नेतील. जिलेत दर रविवारी त्या मातीवर हात ठेवून बसते. मी हे एक पाप सांगणार नाही, ठरलं. लपवलेल्या पापाने बाकीची क्षमाही वाया जाते, स्वर्गाचं दार बंद होतं, हे मला कळतं, आणि मला खूप भीती वाटते, इझाबो. म्हणून तुला लिहिलं. माझ्यासाठी प्रार्थना कर, पण कशासाठी ते कुणाला सांगू नकोस. जिलेत कधीतरी वर जाईल तेव्हा आधी पोराला शोधेल, मग मला. मी तिथे का नाही, हे तिला कुणी सांगू नये, देवाकडे एवढंच माग.

तुझीच थोरली बहीण,
पेरेन