आईचं जोडवं आणि मोबाइलमधली डॉक्टरीण

१० नोव्हें., सोम.
आईला आजपासून मोबाइलवरची डॉक्टर. दादाने पुण्यात बसून वर्षभराचं ॲप घेऊन दिलं. "दिंडोशीहून वाकोल्याच्या डॉक्टरांकडे कशाला फरपटतेस तिला?" आहाहा! आजवर फरपटलं कुणी? मीच ना? पण खोटं का बोलू, बरंच वाटलं. अर्ध्या दिवसाची रजा मागितली की साहेबाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं.
आई दोन दिवस लंगडतेय. शुगर आहे, म्हणून धास्ती. कॉल बाबांनी लावला, मी मरोळला ऑफिसात. संध्याकाळी ॲपवर आलं: पायाला जखम नाही, गोळ्या चालू ठेवा. सुटले.

१२ नोव्हें., बुध.
पाऊल सुजलंय. जखम नाही म्हणे! डोळे फुटले होते का?
रजा टाकून स्वतः कॉलला बसले. आई इरकल नेसून, पावडर लावून तयार, पाहुणे येणार असल्यासारखी. डॉ. म्हणजे विशीतली मुलगी. म्हणाली, "आजी, आज तरी पाय दाखवा ना."
आज तरी?
आईने पाय साडीत ओढून घेतला. "बरो आसा गो."
बाबा हळूच म्हणाले, "सोमवारीही बघायला मागितला होता तिने. हिने जखम नाही म्हणून सांगितलं."
मी ओरडलेच. तर आई म्हणते, "तिच्या तोंडासमोर पाय कसो धरू? डाक्टरीण ती!" आणि बाबा मान डोलावतात! कपाळ माझं.
साडी वर केली. अंगठ्याजवळचं बोट काळंनिळं, जोडवं मांसात रुतलेलं. पोरगी घाबरली. "आजच्या आज प्रत्यक्ष कुणाला तरी दाखवा."
संतापले सगळ्यांवर. पण तीन दिवस एकाच घरात राहून मी तरी कुठे वाकून बघितलं? ॲपवर लिहून आलं ना, मग झालं.

रात्री. वाकोल्याच्या डॉ.नी काही विचारलंच नाही. स्टुलावर बसले, आईचं पाऊल उचलून सरळ स्वतःच्या मांडीवर घेतलं. आई "शिव शिव" करत राहिली, पण पाय काढला नाही. जोडवं पक्कडीने कापावं लागलं. "सोमवारी आणलं असतं तर मलमपट्टीवर भागलं असतं." बोट ठेवायचं की काढायचं, ते सर्जन शनिवारी सांगणार.

१४ नोव्हें., शुक्र.
दादाचा फोन. "ॲपवर तक्रार टाकतो." टाक. कुणाच्या नावाने टाकणार? ये इथे आणि आईच्या पायाशी बस दोन दिवस. असं म्हणून फोन आपटला. जास्त बोलले बहुतेक. बोलले तर बोलले.
बाबा दुपारी न सांगता बाहेर पडले. सोनाराकडे जाऊन तुटलेलं जोडवं सांधून आणलं. "माप वाढवून घेतलंय जरा," म्हणाले. "सूज उतरायला वेळ लागेल ना." आईने पदराच्या गाठीत बांधून ठेवलंय.
उद्या अकराला सर्जन.