न दिसणाऱ्याचे डोळे

५ जुलै

सगळं बदललं ते रोह्याच्या पुलावर, किमयाने माझ्यासमोर उभं राहून, मला दिसेल असा फोन धरून, माझा नंबर ब्लॉक केला तेव्हा. म्हणाली, प्रणित, तू प्रेम नाही करत, तू पहारा देतोस. आणि नदीपलीकडे अष्टमी गावाच्या बाजूला चालू लागली, तिच्या घराकडे. मागे वळून बघितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजला गेलो नाही. ती पहिल्या बाकावर बसणार आणि मी तिच्या पाठीकडे बघत केमिस्ट्री शिकणार? एस.वाय. गेलं खड्ड्यात.

पण आज दिवस चांगला गेला, ते लिहितो. हमरापूरला आलो. महिपतीशेठच्या गणपतींच्या कारखान्यात काम मिळालं. गडबला, आमच्या गावी, बाबांच्या टपरीत वेफर्सची पाकिटं लटकवत बसण्यापेक्षा शंभर पटीने बरं. लांबलचक पत्र्याची शेड, आत ओळीने पांढरे गणपती, सगळे अजून रंगायचे. पावसाळी हवेत सुकत नाहीत म्हणून मोठमोठे पंखे घरघरत असतात. मला वरच्या माळ्यावर खोली दिलीय. शेठ म्हणाला, आधी नुसतं पॉलिश पेपरने घासायचं, सोंडेला हात लावलास तर तुझं नाक तोडीन.

दुपारी गिरजाकाकींनी आपल्यातलं जेवायला दिलं. त्या इथे मूर्तींचे डोळे आखतात आणि सगळ्यांना शिव्या घालतात. बोंबलाचं कालवण होतं. विचारलं, लगीन झालंय का रं? नाही म्हटलं. मग सावकाश जेव, म्हणाल्या, तुला कोन बोलवतंय. मी बऱ्याच दिवसांनी हसलो.

९ जुलै

काकींचं काम बघत होतो. मूर्ती रंगून, दागिने चढून, सगळं झालं की शेवटी डोळे. बारीक ब्रश, श्वास रोखलेला, आणि त्या वेळी शेडमध्ये कोणी खोकलं तरी त्याची धडगत नाही. डोळा काढून झाला की काकी समोर उभ्या राहून बघतात, नजर आपल्यावर येते का. जो समोर बसेल त्याच्यावरच नजर आली पाहिजे. मी विचारलं, आधी डोळे काढून मग बाकीचं रंगवलं तर काय बिघडतं? म्हणाल्या, अंग पुरं झाल्याबिगर त्याला बघायला लावू नये.

संध्याकाळी फोनवर ‘राख’ हा गेम खेळलो. जळून गेलेलं जग, तुटके पूल, तपकिरी आभाळ, आणि उरलेली माणसं एकमेकांच्या मागावर. मी नव्या नावाने खातं उघडलंय. जुन्या नावालाही किमयाने ब्लॉक केलंय, म्हणून. नव्या खात्यावर मेहनत करून गायबपट्टा मिळवला. कमरेला बांधला की तुम्ही कोणाला दिसत नाही, नावही दिसत नाही, आणि जवळ उभं राहून दुसऱ्यांचं बोलणं ऐकता येतं. खोट एकच, पट्टा बांधलेले दोघे एकमेकांना दिसतात, पांढऱ्या रेषेत.

किमया तिच्या मैत्रिणींबरोबर पडक्या स्टेशनात बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो. तिला माहीतही नाही. बोलत होती परीक्षेबद्दल. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. एक अक्षर नाही म्हणजे काय? मी होतो की नव्हतो?

१४ जुलै

आज मिथुन आला. अष्टमीच्या मंडळाचा. माझ्याच वर्गात होता, आता कंपनीत शिफ्ट करतो. यंदा त्यांचा देखावा ‘राख’चा. गणपतीमागे जळकं शहर, आणि पुढे गायबपट्टा बांधलेला माणूस उभा. शेठने डोकं खाजवलं. न दिसणारा माणूस कसा करायचा? मग रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, हा बघ, तयारच हाय, घेऊन जा. सगळी शेड हसली.

मग ठरलं ते असं. तारेचा सांगाडा, तोंडाच्या जागी पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा, कमरेला खरा दिसेल असा पट्टा, आत दिवे. गेम मला ठाऊक म्हणून काम माझ्याकडे.

जाताना मिथुन माझ्याकडे बघून म्हणाला, काय भावा, आधी किमयाच्या मागे फिरायचास, आता मातीत हात? सजावटीला ती पण असते हां आमच्याबरोबर. आणि हसला. माझ्या हातात पॉलिश पेपर होता. तो त्याच्या तोंडावर घासावासा वाटला. गणपतीचं पोट इतकं घासलं की शेठ ओरडला, देव बारीक करतोस काय.

१९ जुलै

पट्टा झाला. रबराची पट्टी, त्यावर तांब्याची तार, निळे दिवे, मागे खटका. गेममधल्यापेक्षा भारी. सांगाड्याला बांधून दिवे लावले आणि सगळ्यांनी काम थांबवून बघितलं.

मी काकींना म्हटलं, याला डोळे आखून द्या, नुसता पत्रा मेल्यासारखा दिसतो. त्या म्हणाल्या, ज्याला अंगच नाय त्याला डोले? मी नाय. मी म्हटलं, तुम्हाला नवीन काही जमत नाही. त्यांनी ब्रश धुतला आणि उठून गेल्या. बरोबर होतं माझं. इथे सगळे मला शिकवायला बसलेत.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मीच काढले. समोर फोन उभा केला, त्यावर किमयाचा फोटो, गॅदरिंगमधला, पिवळी साडी. नजर तिच्यावर येईपर्यंत ब्रश चालवला. डाव्या डोळ्याखालची रेघ जरा खाली घसरली, पुसली नाही. पण नजर बसली. अशी बसली की मला स्वतःलाच बरं वाटलं. मी नाही तर निदान हा बघेल. मंडळात तिच्यासमोर दहा दिवस उभा राहील आणि तिला टाळता येणार नाही.

२० जुलै

गेममध्ये किमयाच्या मागे कोणीतरी होतं. लांब, पुलाच्या टोकाला. पांढरी रेघ. म्हणजे पट्टा बांधलेला. ती चालली की चालतो, ती थांबली की थांबतो.

मिथुन. दुसरा कोण?

२३ जुलै

अष्टमीला जाऊन आलो. मिथुन शिफ्टवरून घरी चालला होता, बाजारातच धरला. दोन ठेवून दिल्या. तिच्या मागे पट्टा बांधून फिरतोस ना, म्हटलं. तो गाल धरून म्हणाला, येड्या, आठवडा झाला फोन दुरुस्तीला दिलाय, दुकानात विचार. लोक जमले. कोणीतरी म्हणालं, हा तोच ना, त्या पोरीच्या मागे लागलेला? मला बाजारातून ढकलत बाहेर काढलं. मी दुकानात विचारलं. फोन तिथेच होता, उघडून ठेवलेला.

परत आल्यावर गेम उघडला. रेघ जवळ आलीय. किमयाच्या मागे चार हातांवर. रेघेला आता खांदे आहेत, कंबर आहे, डोकं नाही. डोक्याच्या जागी दोन डोळे.

डाव्या डोळ्याखालची रेघ खाली घसरलेली.

२४ जुलै

सकाळी खाली जाऊन बघितलं. सांगाडा उभा, पट्टा बांधलेला. पत्रा कोरा. पुसल्याची खूणही नाही. मी सगळ्यांना विचारलं, कोणी हात लावला? ओरडून विचारलं. शेठ म्हणाला, सकाळी सकाळी डोकं फिरलं काय रं.

काकींनी मला बाजूला घेतलं. कोनाला बघून काढलंस? मी सांगितलं नाही. त्यांना समजलं असावं. म्हणाल्या, पोरीला इचारलंवतंस? मी म्हटलं, विचारायचं काय त्यात? त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग दुसरीकडे बघायला लागल्या.

हातोडा घेतला आणि सांगाडा मोडला. तारा वाकवल्या, पत्रा फोडला. शेठने मला पाठीमागून धरलं, म्हणाला, मंडळाला आता काय तोंड दाखवू? दाखवा काहीही. पट्टा तेवढा मोडला नाही. हातोड्याने वळही उठला नाही त्यावर.

संध्याकाळी गेममध्ये तो होताच. तीन हातांवर.

२६ जुलै

ऐकलं. गेममध्ये पट्टा बांधून बसलो होतो, ती मैत्रिणीला सांगत होती. गेममधलं नाही, घरचं. पडवीत कोणीतरी उभं असतं. भर दुपारी. दिसत नाही, पण कपडे वाळत घालताना पाठीवर कळतं. कुत्रा पायरी चढत नाही. आईला सांगितलं तर आई म्हणते अभ्यासाचा ताण. मैत्रीण म्हणाली, कोण असेल गो? किमया म्हणाली, कोण म्हणजे? प्रणित.

मी इथे आहे. हमरापूरला. मी नाही. मी नाही!

शेठच्या फोनवरून लावला. म्हटलं, किमया, तो मी नाही, ऐक, घराबाहेर पडू नकोस. ती म्हणाली, प्रत्येक वेळी तू हेच म्हणतोस. क्लासच्या बाहेर, पुलावर, मावशीच्या घरासमोर, प्रत्येक वेळी मी नाही म्हणतोस. मला दिसत नसलास तरी कळतं. लांब जा. पुढच्या वेळी पोलिसांत जाईन.

भिंतीवर हात आपटला. सुजलाय. टाइप करायला त्रास होतोय.

तिच्याशी खोटं बोललो तेव्हा तिने ऐकून घेतलं. खरं बोललो तर—

२८ जुलै

काकींकडे गेलो. पाया पडलो म्हणा. सगळं सांगितलं, फोटोसकट. त्यांनी मला शिवी दिली, पहिल्यांदा हळू आवाजात. म्हणाल्या, ज्यानं काढलं त्यानंच पुसायचं. दुसऱ्याच्या हातानं जानार नाय. टर्पेंटाइनचा फडका दिला.

पण पुसायचे कुठे? पत्रा फुटला. डोळे तिच्या पडवीत आहेत. आणि मला दिसणार नाहीत, पट्टा बांधल्याशिवाय.

गेममध्ये आडवा गेलो त्याच्या. मी पट्टा बांधलेला, त्याला दिसतो. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्यातून पलीकडे, तिच्याकडे. मीच लावलीय नजर. मीच.

तिच्यापासून हातभर अंतर.

२९ जुलै, सकाळ

तिचे आईवडील पनवेलला दवाखान्यात गेलेत, रात्री येणार. तीच मैत्रिणीला सांगत होती. घरात एकटी.

ठरलं. खरा पट्टा बांधायचा, अष्टमीला जायचं, पडवीत डोळे पुसायचे, परत यायचं. तिला कळूही द्यायचं नाही. फडका खिशात घेतलाय. मोडक्या तारांतून पट्टा काढला. गरम आहे. दिव्यांना वायर जोडलेली नाही तरी—

२९ जुलै, दुपार

बांधला. खटका आपोआप बसला.

शेठ समोरून गेला, हाक मारत, प्रणित कुठं मेला, म्हणत. मी समोर. काकी पण. त्यांच्या तोंडासमोर हात हलवला. नाही.

गेम बघितला. तो गेला! किमयाच्या मागे कोणी नाही. रेघ नाही, डोळे नाहीत. घाबरून पळाला. हसू आलं. मोठ्याने हसलो. कोणाला ऐकू आलं नाही.

आता पट्टा काढतो.

खटका नाही. मागे हात घालून बघितलं. रबर सलग आहे. शिवण नाही, काही नाही. चाकू लावला, कातडीला दुखलं.

जरा वेळाने

मान वळत नाही. अंग वळतं, मान नाही. आरशासमोर उभा राहिलो, आरशात कोणी नव्हतं, आणि माझे डोळे आरशात नव्हतेच, खिडकीबाहेर होते. रुळांच्या दिशेने. रोह्याकडे. उलटा फिरलो तर डोळे कोपऱ्यात ओढले गेले, दुखेपर्यंत. पिवळी साडी दिसते. भिंतीतून. तिने ती आज नेसलेली नाही, तरी दिसते.

तो पळाला नाही.

त्याला अंग नव्हतं. आता आहे.

फडका कुठे ठेवला आठवत नाही. खिसे कुठे आहेत तेच कळत नाही. आणि राग येत नाहीये. इतके दिवस छातीत जो होता तो कुठे गेला? काकींना शिवी देऊन बघितली, शेठला, मिथुनला. नुसते शब्द. एवढं शांत मला कधीच वाटलं नव्हतं. तिच्याकडे जावं एवढंच वाटतं. हळू. घाई नाही.

नाही. राग पाहिजे. आण, प्रणित, राग आण. स्वतःवर तरी. फोटो कोणी उभा केला? तिला विचारलं कोणी नाही? तिच्या पाठीवर सहा महिने नजर कोणी ठेवली, हा यायच्या आधी? तूच ना, हरामखोरा. तूच.

आला. थोडासा आला. पाय माझे वाटतायत.

याला अंग लागतं ना? मग हे अंग तिच्याजवळ जाणारच नाही. पनवेलच्या बाजूला चालायचं, खारपाड्याच्या पुलावरून पुढे, पाय चालतील तेवढं. ती म्हणाली लांब जा. पहिल्यांदा ऐकतोय तिचं. डोळे मागे ओढू देत. चालणार पुढे.

जिना उतरलो. काकी डोळे आखतायत, कोणी खोकत नाहीये. मी त्यांच्यामागून गेलो. त्यांनी ब्रश थांबवला. पाठ ताठ केली. म्हणाल्या, कोन हाय रं तिकडं?

या वेळी ‘मी नाही’ असं म्हटलं नाही.

बाहेर आलो. दार ओढून घेतलं. रस्त्याला लागलो की डावीकडे पनवेल, उजवीकडे रोहा. डावीक—