नववी 'ब'ची आई

सोमवार, ५ जानेवारी

पुन्हा तेच! मी फळ्याकडे वळले की मागून मांजर ओरडतं. वळून बघावं तर नववी 'ब' म्हणजे साधुसंतांचा मेळा. धर्मेश तर तोंडावर म्हणाला, "मॅम, मराठी का क्या टेन्शन? मुझे तो पापा की दुकान पे बैठना है." वर्ग खो खो हसला. मीही हसले असते — पण ओरडून ओरडून घसा बसला होता.

स्टाफरूममध्ये मीनलचं नेहमीचंच. इंग्लिश मीडियममध्ये मराठी शिकवतेस, कशाला जीव जाळतेस? गाईड आहे की त्यांच्याकडे!

बुधवार, ७ जानेवारी

'माझी आई' निबंध तपासले. सगळ्यांची आई पहाटे उठते, अंगणात सडा घालते, तुळशीला पाणी घालून ओव्या म्हणते. उल्हासनगरात, चौथ्या मजल्यावर, सडा! गाईडमधून जसंच्या तसं. धर्मेशची आई मी पाहिली आहे. पालकसभेला गॉगल लावून स्कूटीवरून येते.

मला काय हवंय? शंभर टक्के निकाल नको, सत्कार नको. एखाद्या पोराने माझ्याशी मराठीत एक वाक्य बोलावं — स्वतःचं, मनातलं. इतकी वर्षं झाली या शाळेत, कान आसुसलेत नुसते. संध्याकाळी बदलापूरला उतरल्यावर भाजीवाली "ताई, आज उशीर?" म्हणते ना, तेवढ्यानंही बरं वाटतं. वेड्यासारखं आहे, पण आहे.

गुरुवार, ८ जानेवारी

निबंध परत दिले. पुन्हा लिहा म्हटलं. मराठी तोडकंमोडकं चालेल, आई स्वतःची पाहिजे.

"मॅम, मेरी मम्मी तो नौ बजे उठती है. लिखूँ?" — धर्मेशच. लिही म्हटलं!

शुक्रवार, ९ जानेवारी

धर्मेशने खरंच लिहिलं! 'माझी मम्मी नऊ वाजता उठते आणि पप्पावर ओरडते.' हसू आवरेना. वाटलं, चला, सुरुवात झाली.

आणि मग रिद्धी. शेवटच्या बाकावर बसते. मांजराचा आवाज तीच काढते, मला माहीत आहे. हिने गाईडमधलाच निबंध पुन्हा उतरवून आणला! टपोरं अक्षर, बाजूला तुळशीवृंदावनाचं चित्र, रंगवलेलं. माझं डोकंच फिरलं.

"तुझी आई सडा घालते?"

"हाँ मॅम."

"ओव्या म्हणते?"

"हाँ मॅम, रोज."

वर्ग हसायला लागला, तीही हसली. अख्ख्या पानावर लाल रेघ मारली आणि तिला बाहेर उभं केलं. तास संपेपर्यंत खिडकीतून वाकुल्या दाखवत होती. निर्लज्ज पोरगी!

सोमवार, १२ जानेवारी

आज मांजर ओरडलं नाही. वर्ग शांत. तरी शिकवण्यात मन लागेना.

मंगळवार, १३ जानेवारी

मधल्या सुट्टीत रिद्धी जिन्यात आडवी आली. एकटीच. एकेक शब्द जुळवत चक्क मराठीत बोलली — "मॅम, तुम्ही बदलापूरला राहता ना? माझी मम्मी आता तिकडेच राहते. घरी येत नाही. तुम्हाला कधी दिसली का?"

नाही म्हटलं.

स्टेशनपासून घरापर्यंत समोरून येणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत आले. दिसते कशी, ते विचारायचंच राहिलं.