रॅन्सफर्ड आणि सत्तेचाळीस नंबरचा शिक्का

मी, ऑगस्टा मे प्रुइट, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार ११४ लिंडन रस्ता, टॉलिव्हर, मिशिगन राज्य, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. आजवर माझ्यावर दडपण आणायचा प्रयत्न तीन कारखाना-व्यवस्थापकांनी आणि एका पाद्र्याने करून पाहिला आहे. ते चौघेही आता हयात नाहीत.

यापूर्वी मी केलेली दोन मृत्युपत्रे याद्वारे रद्द समजावीत. त्या दोन्हींत माझा धाकटा भाऊ हॉलिस याचे नाव नव्हते. ती रद्द करण्याचे कारण तेवढेच.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील मार्गुरीट हेल यांनी करावी. त्या माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी लहान आहेत आणि मी बोलू लागले की घड्याळाकडे पाहतात. हा गुण या कामाला उपयोगी पडेल.

१. लिंडन रस्त्यावरचे घर मी टॉलिव्हरच्या सार्वजनिक वाचनालयाला देत आहे. हे घर माझे वडील एमेट प्रुइट यांनी रॅन्सफर्ड मोटारींच्या कारखान्यात बत्तीस वर्षे दारे बसवून उभे केले. मिसूरीत कापूस वेचणारा माणूस १९४७ साली एका पिशवीनिशी इथे आला आणि आठ वर्षांत त्याच्या अंगणात स्वतःची रॅन्सफर्ड उभी राहिली. कंपनीच्या पाच प्रकारच्या गाड्यांत रॅन्सफर्ड किमतीने मधली होती. खालची गाडी नुकता कामाला लागलेला पोरगा घ्यायचा, वरची बँकेचा मालक घ्यायचा. रॅन्सफर्ड मुख्याध्यापकांची, दंतवैद्याची, मुकादमाची. वडील म्हणायचे, "पोरी, आपण श्रीमंत नाही. पण रविवारी चर्चसमोर गाडीतून उतरताना कोणाकडे बघून मान खाली घालावी लागत नाही." ही मान आम्हाला कंपनीने भेट दिलेली नाही. १९३७ च्या थंडीत संप करून चौतीस दिवस कारखान्यातच ठाण मांडून बसलेल्या माणसांनी ती मिळवली. वाचनालयाने घराच्या दाराशी त्या माणसांविषयीचे हे एक वाक्य लावावे. बाकी घराचे काय हवे ते करावे.

२. माझी सर्व पुस्तके, सुमारे अकराशे, त्याच वाचनालयाला. समासात मी पेन्सिलीने जे लिहिले आहे ते खोडू नये. काही लेखकांशी माझे भांडण अजून संपलेले नाही.

३. माझी मैत्रीण आणि शेजारीण आयरीन कोवाल्चिक हिला मी काहीही देत नाही. ती साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून लाभ होऊ नये असे वकीलबाई म्हणतात. एकवीस वर्षे आम्ही दोघींनी शेजारी बसून रॅन्सफर्डच्या आसनांची कापडे शिवली. म्हणून माझे शिवणयंत्र मी गेल्या मंगळवारीच तिच्या घरी पोचवले आहे. ते तिचेच झाले. यात कायद्याला बोलायला जागा नाही.

४. १९९९ साली कंपनीच्या एका उपाध्यक्षाने मला पितळी पाटी दिली. तिच्यावर 'रॅन्सफर्ड कुटुंबातील स्नेहपूर्ण सदस्य' असे कोरले आहे. ती पाटी त्याला किंवा त्याच्या वारसांना टपालाने परत करावी. कारखाना बंद होणार हे आम्हाला रेडिओवरून कळले; कुटुंबातल्या माणसांना घर बंद होणार असल्याची बातमी अशी कळत नसते.

रॅन्सफर्ड का बुडाली हे लोक मला अजून विचारतात. एकाच दिवसात बुडाली नाही. आधी पाचही गाड्यांना एकच सांगाडा आला आणि पुढची जाळी तेवढी वेगळी राहिली. दंतवैद्य काही मूर्ख नव्हता. त्याने शेजाऱ्याची स्वस्त गाडी पाहिली, आपली पाहिली आणि पुढच्या वर्षी तिसऱ्याच दुकानात गेला. ही गोष्ट मी शेकडो सभांत सांगितली आहे. टाळ्याही घेतल्या आहेत. पण ती अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी मी कधीच सांगितली नाही, ती पुढच्या कलमात सांगते.

५. माझ्या कपाटाच्या वरच्या खणात एक रबरी शिक्का आहे. त्यावर ४७ हा आकडा आहे. तो माझा भाऊ हॉलिस एमेट प्रुइट, राहणार ओहायो, याला द्यावा.

आमच्याकडे प्रत्येक गाडीबरोबर एक कार्ड फिरायचे. गाडी नीट असेल तर तपासनीस त्या कार्डावर आपल्या नंबरचा शिक्का मारायचा. हॉलिसचा नंबर सत्तेचाळीस. ऑक्टोबर १९८० मध्ये त्याने शिक्का मारायचे थांबवले. दारे नीट बसत नव्हती, पाऊस आत येत होता आणि मुकादम म्हणत होता, जाऊ दे पुढे. त्याच महिन्यात हॉलिस युनियनच्या सभेत उभा राहिला. तेव्हा अध्यक्ष मी होते. हॉलिस मला गस म्हणायचा.

तो म्हणाला, "मी एकट्याने शिक्का नाही मारला तर ते मला काढतील. आपण सगळ्यांनी मिळून नाही मारला तर त्यांना दार दुरुस्त करावं लागेल. गस, युनियन माझ्यामागे उभी राहणार का, एवढंच सांग."

मला भीती वाटली. गाडी वाईट निघते हे आपणच कबूल केले तर कंपनी तेच कारण पुढे करून माणसे कमी करील, असे मला वाटले. ते मी तसे साधेपणाने सांगायला हवे होते. त्याऐवजी मी भाषण केले. "ज्याला आपल्याच भावंडांच्या हातांत खोट दिसते," मी म्हणाले, "त्याने आधी सांगावं, तो कोणाचं खातो!" सभागृह उठून उभे राहिले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत गाजलेले वाक्य.

टाळ्या थांबेपर्यंत हॉलिस उभा राहिला. मग पुढे आला आणि शिक्का माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "मग हा आता तूच मार," म्हणाला.

सहा महिन्यांनी तो ओहायोला एका परदेशी कंपनीच्या कारखान्यात लागला. माणसे कमी झालीच. दारांतून पाणी येतच राहिले.

६. माझ्या फडताळात झाकणाचे एक काचेचे भांडे आहे. तेही हॉलिसला द्यावे.

आमच्या युनियनच्या आवारात एक पाटी होती, अजूनही आहे: 'आवारात फक्त आपल्या कंपनीच्या गाड्या. इतरांनी रस्त्यापलीकडे लावाव्यात.' ती मीच ठराव करून लावली होती. जानेवारी १९९० मध्ये आई वारली. दफनानंतरचे जेवण सभागृहात होते. हॉलिस ओहायोहून बर्फातून साडेचार तास गाडी चालवून आला. गाडी अर्थात त्याच्या कंपनीची. सोबत चीज घालून भाजलेल्या बटाट्यांचे भांडे, आई करायची तसे.

फाटकावरच्या माणसाने माझ्याकडे पाहिले. मी दारात उभी होते.

"गस, भांडं जड आहे आणि रस्ता निसरडा आहे," हॉलिस म्हणाला. "आजच्या दिवस तरी."

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणाले.

"ही गाडी मी माझ्या हातांनी बनवलीय. ओहायोत. माझ्यासारख्याच माणसांबरोबर."

"पाटी वाचता येते ना?"

त्याने भांडे फाटकाशी बर्फाच्या ढिगावर ठेवले आणि गाडी वळवून निघून गेला. बटाटे मी आत नेले. लोकांनी खाल्ले, छान झालेत म्हणाले. भांडे मी घासून ठेवले. त्याला सत्तावीस वर्षे झाली. आम्ही बोललेलो नाही.

७. माझी १९६४ सालची रॅन्सफर्ड, फिकट हिरवी, वडिलांनी शेवटची घेतलेली, हीसुद्धा हॉलिसला. तिची दारे वडिलांनी बसवली आहेत. मला अटी घालायला आवडते हे सर्वांना माहीत आहे. या कलमाला अट नाही.

८. माझे दफन झाल्यावर जेवण युनियनच्या सभागृहातच ठेवावे. त्या दिवशी ती पाटी उतरवावी. दाराजवळची पहिली जागा हॉलिसच्या गाडीसाठी ठेवावी. तो आला नाही तर ती रिकामी राहू द्यावी. पाद्र्याने दहा मिनिटांहून जास्त बोलू नये.

९ ऑक्टोबर २०१७

पुरवणी. वरील मृत्युपत्रावर त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत. आयरीनने ते वाचले, पेन खाली ठेवले आणि हात बांधून बसली.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"का? काय चुकलंय?"

"तू मेल्यावर तो दारात गाडी लावणार, आणि तू बघायला नसणार. याला काय समेट म्हणतात? हा तर पळ काढणं झालं, ऑगस्टा."

"मी कधी कशातून पळाले नाही."

"मग फोन कर. तो काय तिथं भिंतीवर आहे. मी कॉफी टाकते."

मी हजारो माणसांसमोर उभी राहिलेली बाई आहे. तो नंबर फिरवायला मला अकरा दिवस लागले. आयरीन रोज सकाळी येऊन कॉफी टाकत होती आणि सही न करता जात होती.

शुक्रवारी त्याने फोन उचलला.

"हॉलिस, ऑगस्टा बोलतेय."

तो म्हणाला, "कोण गेलं?"

"अजून कोणी नाही. म्हणूनच केला फोन."

"काय काम होतं?"

"तुझं बटाट्याचं भांडं राहिलंय माझ्याकडे."

"सत्तावीस वर्षं घासत होतीस काय?"

"चिकट होतं," मी म्हणाले.

तो हसला की खोकला, मला कळले नाही. म्हणाला, "उद्या शनिवार, मोकळा आहे." मग त्यानेच विचारले, "गाडी कुठं लावू?"

"दारात."

"गस, अजून तीच कंपनी आहे हं."

"ठाऊक आहे. दारात लाव."

तो आज आला. आधी माझ्याकडे न येता गॅरेजमध्ये गेला. हिरव्या रॅन्सफर्डचे दार त्याने उघडले, लावले, पुन्हा उघडले, पुन्हा लावले आणि कान देऊन ऐकले. "बाबांचं काम," म्हणाला. "बघ, असं लागायला हवं होतं दार. एवढंच म्हणत होतो मी."

मृत्युपत्र न्यायालयात दाखल होते आणि कोणालाही ते मागून वाचता येते, असे वकीलबाईंनी सांगितले आहे. ज्या सभागृहात मी ते वाक्य बोलले तिथे आता महिन्यातून एकदा आठ म्हातारी माणसे पत्ते खेळतात. म्हणून हाच माझा मंच समजून जाहीरपणे लिहिते: १९८० च्या त्या सभेत हॉलिस प्रुइट बरोबर होता. तो कोणालाही विकला गेलेला नव्हता. त्याच्यामागे उभे राहणे हे युनियनचे काम होते आणि ते मी केले नाही. १९९० सालीही तो बरोबर होता. मी चुकले.

हे मी त्याला आधी तोंडी सांगितले. तो म्हणाला, "हं." आणि बटाटे सोलायला बसला. आई करायची तसे त्याला अजून येतात.

कलम ५, ६ आणि ७ याद्वारे रद्द. शिक्का, भांडे आणि गाडी या तिन्ही वस्तू आज दुपारी त्याच्या ताब्यात दिल्या आहेत. कलम ८ कायम, पण पाटीपुरते नाही; ती आम्ही तिघांनी जेवण झाल्यावर जाऊन उतरवली. वकीलबाई म्हणाल्या, नवी स्वच्छ प्रत काढू. मी नको म्हणाले. खोडलेले तसेच दिसू दे.

आता या मृत्युपत्रातून हॉलिसला कसलाही लाभ उरलेला नाही, त्यामुळे तो साक्षीदार होऊ शकतो. त्याने सही करण्याआधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, चष्मा कपाळावर चढवून, पाऊण तास वाचले. एक चूक काढली. म्हणाला, सभा ऑक्टोबरात नव्हे, नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी झाली होती. मी वाद घातला नाही. तसे दुरुस्त समजावे.

लिहून देणार: ऑगस्टा मे प्रुइट

आम्हा दोघांच्या देखत लिहून देणारीने सही केली. ती शुद्धीवर होती आणि नेहमीपेक्षा कमी बोलत होती.

साक्षीदार पहिली: आयरीन कोवाल्चिक, ११८ लिंडन रस्ता, टॉलिव्हर

साक्षीदार दुसरा: हॉलिस एमेट प्रुइट, ओहायो. तपासले. पुढे जाऊ द्यावे.
[शिक्का: ४७]

टॉलिव्हर, मिशिगन
शनिवार, २१ ऑक्टोबर २०१७