आवाज थोडा दाबू का?

दिग्रस, १२ नोव्हेंबर २०२४

प्रिय पायल,

सप्रेम जय भीम. उर्वशीला दोन दात आल्याचं आईकडून कळलं. नातीचा गालगुच्चा घे माझ्या वतीनं.

आत साहेबानं हो म्हटलं तरी दारात शिपायानं अडवावं, हे आपल्या लोकांचं जुनं दुखणं. आता ते विहाराच्या संगणकातही निघालं. जुन्या माणसांचे आवाज जपायला तू जे संकेतस्थळ उभं केलंस, त्यावर मी माझं एक रेकॉर्डिंग चढवत होतो. उत्तर आलं, फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे. तू शिकवलंस तशी सेटिंगमध्ये मर्यादा वाढवली. पुन्हा तेच. फोटो जातात, माझा आवाज जात नाही.

शेवटी संगणक दुरुस्त करणाऱ्या सुनीलला बोलावलं. मर्यादा दोन आहेत म्हणे. आतली मी वाढवली. दुसरी दारावरच्या सर्व्हरची, आणि त्याचा पासवर्ड तुझ्याकडे. तो म्हणाला, "काका, तोवर आवाज थोडा दाबू का? मंग बसते."

मी चवताळलो. "माहा आवाज दाबतं?" एवढं म्हणेपर्यंत घसा फाटला. तो बिचारा फाइल लहान करण्याबद्दल बोलत होता. दाबायचा नाही तर कापून तुकडे करू, म्हणाला. तेव्हा तुझी आई म्हणाली, "कापाकापीचं नको काढू रे त्याईच्यापुढं." आणि उठून बाहेर गेली.

मी फोनवर येत नाही म्हणून तू रागावलीस. बाबा भाषणाच्या तयारीत आहेत, असं आई सांगते. भाषण नाही, पायल. गळ्यात गाठ आहे. सोमवारी नागपूरला स्वरयंत्र काढणार. जगेन, असं डॉक्टर म्हणतात.

फाइलमध्ये उर्वशीसाठी गोष्ट आहे: तिचा पणजा मारोती दीक्षेला नागपूरला कसा पोचला त्याची. मध्ये आवाज दोनदा चिरकतो, एकदा मी पाणी पितो. तेही राहू दे. सुनील म्हणतो, फोनवर पाठवू. नको. त्या संग्रहात माझ्या आईची जात्यावरची गाणी आहेत. तिच्या शेजारी मला अख्खं बसायचं आहे.

सभासभांतून जन्मभर मागण्या केल्या, बहुतेक अर्धवट मिळाल्या. ही शेवटची, आणि ती तुझ्याकडे. रविवारच्या आत दारावरची मर्यादा वाढव. गोष्ट ऐकून तू फोन केलास, तर तो मी उचलीन.

सोमवारपर्यंत बोलका,
तुझा बाबा
धम्मरत्न