मग गाते ती कोण?

सांडोर, वसई
१० फेब्रुवारी १९५४

प्रिय फर्डिनंड,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले असते तर कागदावर नुसता राग उतरला असता. राग आजही आहे, पण आता बाकीचंही लिहिता येईल. घरी सगळे बरे आहेत. बांनी विहिरीकडच्या केळीचे घड उतरवले, आयचा गुडघा थंडीने धरला आहे, आणि पास्कलदादा शुक्रवारी तुमच्या बाजूला, माझगावला, कामासाठी यायचा आहे. तू लिहिलं आहेस की मी 'सिनेमाच्या तंबूत पुरुषांपुढे उभी राहून आरडाओरडा केला'. ज्याने तुला हे सांगितलं त्याने बाकीचं काहीच सांगितलेलं दिसत नाही. तेव्हा मी सांगते. तू शेवटपर्यंत ऐक.

भाताची झोडणी संपल्यावर पापडीच्या बाजारामागच्या मोकळ्या जागेत फिरत्या सिनेमावाल्या हरिभाऊंचा तंबू लागला. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मध्ये जुन्या धोतरांचा पडदा. त्या शनिवारी आमच्या आळीतल्या सगळ्या बायका बैलगाडीतून गेलो. म्हाताऱ्यांनी ठेवणीतली लाल लुगडी नेसली होती, जणू चर्चमध्ये सणाची मिस्साच आहे. शेजारची थेरेसाबय तर जन्मात पहिल्यांदा सिनेमा बघत होती. तिने चटई आणली, घरी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी आणली, आणि माझा हात घट्ट धरून बसली.

चित्र होतं हिंदुस्थानी, आणि भाषाही अशी भारी की आपल्या लोकांना दहातला एक शब्द कळावा. वर त्याची गोष्ट सरळ चालेल तर शपथ. सुरुवातीलाच कोर्ट, पिंजऱ्यात एक पांढऱ्या केसांची बाई. ती डोळे मिटते, लगेच नदीकाठ, आणि तीच बाई तरुण होऊन हसते आहे. तिचं लग्न होतं, मूल होतं, नवरा तिला घराबाहेर काढतो, ती पुरात वाहून जाते. आणि पुढच्याच घटकेला तीच पुन्हा झोपाळ्यावर बसून गाणं म्हणते! मध्ये कोर्टही अधूनमधून येतच होतं. तंबूत चुळबुळ सुरू झाली. पण विचारणार कोण? सगळ्याजणी एकमेकींकडे चोरून बघत होत्या, आणि शेजारणीने मान हलवली की आपणही हलवत होत्या. माझी आयसुद्धा. आयला मी इतकी वर्षं बघते आहे. पाद्रींचं लॅटिन, तलाठ्याचं बोलणं, डॉक्टरचं बोलणं, सगळ्याला ती अशीच मान हलवते. घरी आल्यावर विचारलं तर म्हणते, आपल्याला काय कळायचंय त्यातलं.

थेरेसाबय तेवढी वेगळी. तिने मोठ्याने विचारलं, "ही आत्ताच मेली ना गं? मग गाते ती कोण?"

पुरुषांच्या बाजूने हशा झाला. म्हातारीचा चेहरा इतका पडला की तिने पदर तोंडावर ओढून घेतला. मला ते बघवलं नाही. मी तिला सांगितलं, हळूच, आपल्या बोलीत, की ही तिची मुलगी आहे, एकच नटी दोन्ही झाली आहे, आणि आई मेलेली नाही, कोर्टात उभी आहे ती म्हातारी तीच. पुढच्या रांगेतल्या दोघी वळून म्हणाल्या, परत सांग. मग मागच्या म्हणाल्या. हरिभाऊंचं यंत्र एकच, त्यामुळे दर रिळाला चित्र थांबतं आणि दिवे लागतात. दिवे लागले तेव्हा धोतरांच्या पडद्यापलीकडून, मघाशी हसलेल्यांमधूनच, एक आवाज आला, "बाई, जरा मोठ्याने सांगा, इकडे पण काही कळत नाही." तेव्हा मी उभी राहिले. झालं ते इतकंच. पुण्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगच्या वेळी लखनौच्या मैत्रिणीबरोबर एका खोलीत राहिले, म्हणून मला ती भाषा येते. यात माझी हुशारी काही नाही. पण येत असून गप्प बसणं मला जमलं नाही.

मग दर रिळाला मी उभी राहिले. काय झालं ते सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. शेवटी कोर्टात मुलगी आईला ओळखते तेव्हा अख्खा तंबू रडला, आणि सगळे एकाच वेळी रडले. फर्डिनंड, असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. परत येताना गाडीत आय त्या नवऱ्याला शिव्या देत होती. त्या बाईने कसं वागायला हवं होतं, आपण असतो तर काय केलं असतं, यावर सांडोर येईपर्यंत बोलत होती. माझ्या आयला एवढं मत आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

तू लिहितोस, लोकांना नाही कळलं तर तुझं काय बिघडतं. नाताळात तू मला मुंबईला तो इंग्रजी सिनेमा दाखवलास, आठवतो? अर्ध्यावर मी विचारलं, हा खून नक्की कोणी केला. तू म्हणालास, बघ गप्प, शेवटी कळेल. बाहेर आल्यावर मी परत विचारलं तर तू ट्रामकडे बघत राहिलास. तुलाही कळलं नव्हतं. मला त्याचं काहीच वाटलं नसतं. नाही कळलं म्हणाला असतास तर आपण दोघांनी मिळून हसत शोधलं असतं. पण तू रागावलास.

रविवारी मिस्सा झाल्यावर तुझ्या आई आमच्या ओटीवर आल्या. बसल्या नाहीत. बांना म्हणाल्या, "आमच्या घरात येणारी मुलगी चार पुरुषांपुढे उभी राहून बोलत नाही. हिने माफी मागावी आणि तंबूत पुन्हा पाय टाकू नये." मी तोंड उघडणार तेवढ्यात आय आतून आली, ओल्या हातांनी, आणि तुझ्या आईंसमोर उभी राहिली. म्हणाली, "मला तिने सांगितलं म्हणून कळलं. आजवर मला कोणी काही सांगितलं नव्हतं. माफी कशाची मागायची?" तुझ्या आई तशाच पायऱ्या उतरून गेल्या. आय परत चुलीपुढे जाऊन बसली. पण शब्द तिने मागे घेतला नाही.

हरिभाऊ परवा शाळेत येऊन गेले. येत्या शनिवारी नवं चित्र लागतं आहे, ते म्हणे याहून गुंतागुंतीचं, दोन जुळे भाऊ आणि वेषांतर. सांगायला येता का, म्हणाले. मी हो म्हटलं. बांना विचारून नाही, तुला विचारून नाही. दिवसभर दुसरीच्या वर्गात मी मोठ्याने शिकवते, ते सगळ्यांना चालतं. मोठ्या माणसांना सांगितलं की तो तमाशा होतो, हे मला पटत नाही आणि पटणार नाही.

तू लिहिलंस, माफी माग, नाहीतर ईस्टरनंतरचं लग्न होणार नाही. म्हणून हे पत्र. मी माफी मागणार नाही. पास्कलदादा तुला हे पत्र देईल, त्याबरोबर रुमालात बांधलेली तुझी अंगठी आहे. तू मला आवडतोस, हे मी लपवत नाही. अंगठी काढताना बोट नव्हे, दुसरंच काही दुखलं. पण गप्प बसण्याच्या अटीवर ती मला घालायची नाही. तुला ती मला परत द्यावीशी वाटली तर शनिवारी पापडीला ये. पुरुषांच्या बाजूला बस, आणि काही कळलं नाही तर सगळ्यांदेखत मला विचार. मी तुलाही सांगेन. आला नाहीस, तरी दिवे लागले की मी उभी राहणारच आहे.

अजून तरी तुझीच,
आल्बिना