काजळी घोडी बायनाबाईंच्या नावे

लिहून ठेवणार उमादेवी सांबप्पा बिडवे, वय सव्वीस, मूळ राहणार वालूर, हल्ली परभणी छावणी, घोडबंदूक पलटणीत दारूगोळा-तपासनीस. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, प्रकृती उत्तम आहे आणि हे लिहायला मला कोणी सांगितलेले नाही. सांगितले असते तर याहून सोपे लिहिले असते.

वालूरच्या घरातला माझा हिस्सा भाऊ वीरभद्र याला द्यावा. "घोडीवर बसून नवरा भेटतोय व्हय गं?" असे तो चारचौघांत म्हणाला होता. ते मी विसरलेले नाही. हिस्सा तरीही त्यालाच, कारण त्याचे छप्पर गळते.

तराजू आणि चाळण्या दारूखान्यातल्या लिंबाजींना. लिंबाजी, बंदुकीच्या दारूतला सोरा चुलीजवळ वाळवू नका.

पलटणीचा निळा फेटा जाळावा. वडिलांना, म्हणजे आप्पांना, देऊ नये. ते पारावर दाखवत बसतील.

आता काजळी. पलटणीच्या घोड्या गोदावरीच्या डोहातून येतात. स्वार गेला की त्याने लिहून ठेवलेल्या माणसाखेरीज त्या कोणालाही पाठीवर घेत नाहीत. घोडीने ज्याला घेतले तो पलटणीचा, आणि पलटणीच्या माणसाच्या वस्तीवर पलटण चालून जात नाही. माझी घोडी काजळी मी झरीजवळच्या माळवस्तीतल्या बायनाबाई यांना देते. त्या वस्तीतले कोणी आजवर पलटणीत घेतलेले नाही, अशी हरकत रिसालदारसाहेब घेतील. हरकत घोडीपुढे मांडावी.

कारण लिहिणे भाग आहे. आम्ही घोड्यांवरून जातो, पण लढतो पायउतार होऊन. चौघांत तिघे बंदुका चालवतात, चौथा घोड्या धरतो. वस्तीने शाळेच्या पाटीवर आपल्या जातीतल्या थोर माणसाचे नाव लिहिले, म्हणून गेल्या महिन्यात आम्हाला पाठवले. मी चौथी होते. पाटी फोडली, छपरे पेटवली. बायनाबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, तुमच्या हातात बंदूक न्हाई, नुसते लगाम हायेत. मंग तुमी कामून हुब्या?"

मी लगाम धरूनच ठेवले. परतताना रिसालदारांनी माझी पाठ थोपटली, एकही घोडी बिथरली नाही म्हणून. ती शाबासकी वारशाने कोणाकडे जाऊ नये.

वस्तीने पाटी पुन्हा लावली आहे. उद्या सकाळी पुन्हा तिथेच जायचा हुकूम आहे. हुकूम मिळूनही जो स्वार होत नाही, त्याला पलटण त्या क्षणी मेलेला धरते आणि त्याचे मृत्युपत्र वाचते. उद्या मी स्वार होणार नाही. हे काजळीसमोर, पलटण निघण्याआधी वाचावे.

आप्पा, मी खरोखर मेलेली नसेन. घरी घ्यायचे की नाही, ते तुम्ही ठरवा.

बायनाबाईंना विचारले आहे. म्हणाल्या, "मला बैलगाडीबी नीट हाकता येत न्हाई. पण सकाळी छावनीच्या फाटकापाशी येऊन हुबी ऱ्हाते."

माझ्यासमक्ष वाचून, समजून साक्ष घातली:
सटवाजी मुंजाजी, नालबंद
कडूबाई आश्रुबा, मुदपाकखाना

ठिकाण परभणी छावणी, ९ जुलै १९७९
सही: उमादेवी सांबप्पा बिडवे, उद्या सकाळपर्यंत हयात